विठूचा एक जून

“विठू देवजी मेंगाळ,” माधुरीनं पुकारलं, आणि साडेआठ वर्षांपूर्वी आलेलं, मी उत्तर न दिलेलं एक पत्र मला आठवलं.

मुरबाडच्या एका मंगल कार्यालयात आम्ही दोन टेबलं लावून बसलो होतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी, म्हणजे आता मुलं न राहिलेल्यांसाठी, सरकारी अनुदानातून एक कार्यशाळा निघणार होती. सकाळी जीपनं न्यायचं, कागदी पिशव्या आणि पणत्या करायला शिकवायचं, दुपारी जेवण, संध्याकाळी घरी सोडायचं. जागा पंचवीस. माधुरी आमच्या शहापूरकडच्या निवासी विशेष शाळेत शिक्षिका होती, आता मुख्याध्यापिका आहे. मी त्याच शाळेत सत्तावीस वर्षं कारकून होतो. निवृत्त झाल्यापासून घरात पुस्तकं वाचत बसतो हे तिला माहीत होतं, म्हणून अर्ज भरायला तिनं मला बोलावलं. “सर, तुमचं अक्षर चांगलं आहे,” ती म्हणाली होती. माझ्याबद्दल चांगलं बोलायचं झालं की लोक तिथंच थांबतात.

पुकारा ऐकून एक बाई एका उंच माणसाचा हात धरून माझ्या टेबलापाशी आली. माणसाच्या अंगात लाल स्वेटर होता, गालावरची दाढी कुणीतरी घाईनं केलेली, एका बाजूला जास्त. तो माझ्या पेनाकडे बघत होता.

“भाऊसायेब, वळखलंत का नाय?” बाई म्हणाली. “वैशाखऱ्याच्या वरची. जनाबाई. देवजीची.”

“ओळखलं,” मी म्हणालो. “बसा.”

“तुमी म्हातारं झालं हो.”

विठूला खुर्चीत बसवून तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. आधार कार्ड, अपंगत्वाचा दाखला, आणि तळाला घडीवर फाटलेला शाळा सोडल्याचा दाखला. तो माझ्या अक्षरातला होता. जन्मतारीख: १ जून १९९९. अक्षरी: एक जून एकोणीसशे नव्व्याण्णव. एकाही अक्षराची वेलांटी डगमगलेली नाही.

ज्या मुलांच्या जन्माची कुठं नोंद नसते त्यांना एक जून ही तारीख द्यायची आपल्याकडच्या शाळांची जुनी पद्धत आहे. शाळा जूनमध्ये उघडते, वयाचा हिशोब सोपा जातो. आमच्याकडे चाळीसपैकी एकतीस मुलं एक जूनची होती. शाळा उघडली की माधुरी एकतीस जणांचा एकच वाढदिवस करायची. मोठ्या पातेल्यात शिरा व्हायचा. सरकार मुलामागे अनुदान द्यायचं ते अठरा पूर्ण होईपर्यंत. त्यामुळे वाढदिवस जसे एका दिवशी यायचे, तशी नावंही एकाच दिवशी कमी व्हायची. ‘नाव कमी केले’ असा शेरा मीच लिहायचो, लाल शाईनं. माझ्या रजिस्टरात सत्तावीस वर्षांत एकही खाडाखोड नव्हती. तपासणीला आलेले साहेब त्याचं कौतुक करीत.

“नाव काय तुझं?” मी विठूला विचारलं. अर्जात तसं विचारायचं असतं.

“विठू देवजी मेंगाळ,” तो म्हणाला. आवाज जाड झाला होता. “एक जून.”

“तेवढंच बोलतो आता,” जनाबाई म्हणाली.

“आता म्हणजे? तो तर गाणी म्हणायचा. प्रार्थनेला पुढं उभा करायचो आम्ही त्याला.”

“म्हनायचा. शाळंत.”

वयाचा रकाना आला. आजच्या तारखेला पूर्ण झालेली वर्षं: सव्वीस. कार्यशाळेची अट छापील अर्जावर वरच होती: वय अठरा ते पंचवीस. पंचवीस पूर्ण झालेले पात्र नाहीत. मी बोटांवर पुन्हा मोजलं. मोजायची गरज नव्हती. तो खरा किती वर्षांचा आहे हे त्या हॉलमध्ये जनाबाईशिवाय फक्त मला माहीत होतं.

“वय जास्त होतंय, जनाबाई.”

तिला आधी कळलं नाही. मग कळलं आणि ती चक्क हसली.

“तुमीच मोठा केलात नं त्याला, भाऊसायेब. माज्या पोटात होता तवापासून मोजलात का काय?”

शेजारच्या रांगेतली एक बाईही हसली. मी हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात विठूनं खुर्चीच्या दांडीवर पाय ठेवला, लेंगा वर सरकला, आणि मला त्याचा घोटा दिसला. घोट्याच्या वर चार बोटं रुंद काळं कडं होतं. केस नसलेलं, गुळगुळीत. जुन्या बैलाच्या मानेवर जू घासून होतं तसं.

“हे काय?”

“दावं,” ती म्हणाली. सकाळी भाकरी केली म्हणावं तितक्या साधेपणानं. “फडकं गुंडाळते मी आधी. तरी वळ उठतो.”

माझ्या हातातलं पेन उघडंच होतं, त्याची शाई कागदावर उमटत होती हे नंतर दिसलं.

“मोठ्या रस्त्यावर जातो वो,” तिनं मला समजावलं. मला समजावलं, जणू मीच घाबरलेलं मूल होतो. “माळशेजच्या गाड्या. दोनदा वाचला. लावनीला मानूस जावं का ह्याला धरून बसावं? सरकारचा पगार येतो त्याचा म्हैन्याला, नाय म्हनत नाय मी. पन पगार काय राखन बसतो का त्याच्यापाशी?”

तिकडं दिव्यांगांच्या पेन्शनला पगारच म्हणतात.

“कधीपासून?” मी विचारलं.

“शाळंतून आनला त्या सालापासून. पयल्या दोन-अडीच वरसात सगळं इसरला. नाडी बांधत होता, ताट धुवत होता. मंग नाय. घरात कोन शिकवनार? आमी शेतात. तो खांबाला.”

दोन-अडीच वर्षं. तिनं ती अंदाजानं म्हटली होती. मी ती नेमकी मोजू शकत होतो: दोन वर्षं, पाच महिने.

“ह्यांनी तुमाला पत्र टाकलं होतं,” जनाबाई म्हणाली. “तारखेसाठी. तुमाला मिळालं नसंल.”

मी मान हलवली. हो की नाही ते तिनंच ठरवावं, अशी.

“तेच म्हनलं मी. पन ह्यांचा जीव ऐकत नव्हता. खत आनायचं निमित्त करून वैशाखऱ्याला पोस्टात जायचे इचारायला. भात पिकलं, कापलं, तरी जायचे. पोस्टातला बाबा म्हनायचा, देवजी, तुला नोकरीचा कॉल यायचाय का रे? ह्ये हसायचे. दिवाळी झाल्यावर नाय गेले मंग.”

“देवजी आता—”

“दोन वरसं झाली. तापानं. आता मी हाय तंवर हाय. मी गेले तर दावं सोडायला पन कोन नाय.”

तिनं ते रडून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती पिशवीचं तोंड दुमडत होती.

“अंगणवाडीत वजनाची वही होती,” मी म्हणालो. मला ते माहीत असायला नको होतं, हे बोलल्यावर ध्यानात आलं. तिच्या नाही आलं.

“होती ना. अंगनवाडीला नवी खोली झाली तवा जुन्या वह्या चुलीत गेल्या. तीन-चार वरसं झाली.”

मी अर्ज बाजूला ठेवला आणि तिला म्हणालो की पुढच्या आठवड्यात कळवतो. ‘कळवतो’ हा शब्द तोंडातून गेल्यावर मला खाली बघावं लागलं. जाताना विठूनं माझ्या टेबलावरचं पेनाचं टोपण उचललं, पेनाला लावलं आणि पेन मला परत दिलं. शाळेत असताना तो हे रोज करायचा.

*

माधुरीला मी दुपारच्या चहाला गाठलं आणि विचारलं, दाखल्यावरची तारीख बदलता येते का.

“नोंद करणाऱ्यानं स्वतः लिहून दिलं आणि जुना काही पुरावा जोडला, तर समिती विचार करते.”

“करते?”

“मी पाहिलेलं नाही, सर. कारण कुणी लिहून दिलेलंच पाहिलेलं नाही.” तिनं कप खाली ठेवला. “विठूचं का? तुमचा अंदाज चुकला असणार. अंगानं दांडगा होता तो.”

मी तिला सांगायचं ठरवलं नव्हतं. पण सकाळपासून तो घोटा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

“अंदाज चुकला नव्हता,” मी म्हणालो. “मला माहीत होतं.”

मग मी तिला दोन हजार सातचा चौदा जून सांगितला. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मंजूर संख्या चाळीस, पटावर एकोणचाळीस. चाळीस भरले नाहीत तर चौथ्या काळजीवाहकाचं पद जाणार होतं, आणि चौथा काळजीवाहक शाम होता. शाम रात्री मुलांची अंथरुणं बदलायचा, फेफरं आलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसायचा. त्या दिवशी तो ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला होता. दुपारी देवजी आला, खांद्यावर पोरगं घेऊन. पोरगं साडेपाच वर्षांचं. सहाच्या आतलं घेता येत नव्हतं, आणि सहा-सातच्या गटात जागा नव्हती. रिकामी जागा आठच्या पुढच्या गटात होती. देवजीनं मला सांगितलं होतं, हा भातझोडणीत झाला, दिवाळीच्या मागं. मी ऐकलं आणि आठ वर्षांचा लिहिला. शामचं पद राहिलं, विठूला जागा मिळाली, देवजीनं वाकून माझ्या पायाला हात लावला. त्या संध्याकाळी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं. असं मला क्वचित वाटतं, म्हणून आठवतं.

“अठरा वर्षं पूर्ण होणार हे तेव्हा...” माधुरी म्हणाली.

“दहा वर्षं पुढची गोष्ट होती. तोवर कुणी आठवणार नाही असं वाटलं. मीही.”

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपल्या ओळखीच्या खोलीत एक दार होतं आणि ते आपल्याला कधी दिसलं नव्हतं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

“त्याचं नाव कमी झालं तेव्हा तो बटणं शिकत होता,” ती म्हणाली. “मी शिकवत होते. अठरा वर्षांच्या मुलाला अजून बटण कसं येत नाही, म्हणून मी त्याच्यावर चिडायची.”

तिनं दोन्ही रिकामे कप एकात एक ठेवले.

“सर,” ती मग हळू आवाजात म्हणाली, “एक नोंद उघडली की रजिस्टर उघडेल. तुमची पेन्शन आहे. शाळेचं अनुदान आहे, आत्ता आत असलेली चाळीस मुलं आहेत. मी तुम्हाला लिहा म्हणणार नाही. लिहू नका असंही म्हणवत नाही मला. कागद शुक्रवारपर्यंत जिल्ह्याला पोचायला हवेत.”

*

शहापूरला घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. मी कपाटातून विश्वकोशाचा दुसरा खंड काढला. देवजीचं पत्र त्यात होतं. आलं त्या दिवशी मी तो खंड वाचत होतो, आणि पत्र खूण म्हणून आत घातलं होतं. कोश वाचणारी माणसं असतात, मी त्यातला आहे. त्या पानापुढं मी साडेआठ वर्षांत गेलो नाही. पत्रासोबत माझा एक लिफाफाही होता, तिकीट लावलेला, वर देवजीचा पत्ता. म्हणजे मी तितकं केलं होतं.

देवजी चौथी शिकलेला होता. अक्षर मोठं, ओळ उजवीकडे खाली उतरलेली.

‘भाऊसाहेबांना देवजी मेंगाळचा नमस्कार. विठूला शाळेतून काढला. कागदावर अठरा झाले म्हणतात. साहेब त्याला अजून सोळा नाही. तो भातझोडणीत झाला. त्या साली जनी पौषात म्हशाच्या जत्रेला आली नाही, पोर दीड महिन्याचं होतं. मी तेव्हा बोललो होतो. तुम्ही म्हणालात असू दे, मोठा लिहिला तर आत येईल. आम्हाला बरं वाटलं. तुमचा दोष नाही. अंगणवाडीच्या बाईकडे वजनाची वही आहे, त्यात तारीख आहे. ती घेऊन येऊ काय एवढं कळवावे. नाडी जमू लागली आहे. दोन वर्षं मिळाली तर बटण पण जमेल. उत्तराची वाट बघतो.’

इतकंच. त्याला एका शब्दाचं उत्तर हवं होतं. या.

मी तेव्हा चार मसुदे केले होते, ते मला आठवतात. पहिल्यात नियम सांगितले होते. दुसऱ्यात भाषा फार कोरडी वाटली म्हणून सहानुभूती घातली. तिसऱ्यात सहानुभूती जास्त झाली. चौथा बरा जमला होता, पण तो पाठवला असता तर देवजी वही घेऊन आला असता, आणि वही आली असती तर मला मुख्याध्यापकांपुढं उभं राहून सांगावं लागलं असतं. निवृत्तीला एक वर्ष होतं. मी पाचवा मसुदा उद्या करू म्हणालो. त्याच दिवसांत देवजी खताच्या निमित्तानं डोंगर उतरून वैशाखऱ्याच्या पोस्टात उभा राहत होता, आणि पोस्टातला माणूस त्याची चेष्टा करीत होता.

सून सारिका दिवा लावायला आली. मला तसा बसलेला बघून म्हणाली, “बाबा, बरं नाही का वाटत? काय झालं?”

“जुनं पत्र आहे.”

“कुणाचं?”

“एका पालकाचं. उत्तर द्यायचं राहिलंय.”

“मग द्या की,” ती म्हणाली आणि आत गेली.

मी दोन कागद घेतले. पहिला जिल्ह्याच्या कार्यालयाला. ‘मी खाली सही करणार लिहून देतो की,’ इथून सुरुवात केली आणि घडलं तसं लिहिलं: मूल साडेपाच वर्षांचं होतं, हे मला वडिलांनी सांगितलं होतं, मी जाणूनबुजून आठ वर्षांचं लिहिलं, वडिलांनी त्यात काही लाभ मागितला नव्हता, वडिलांचं दोन हजार सतराचं मूळ पत्र, त्याच्या पाकिटावरच्या वैशाखऱ्याच्या शिक्क्यासह, सोबत जोडलं आहे. ‘अनवधानाने’ हा शब्द दोनदा पेनाच्या टोकाशी आला. तो लिहिला असता तर पेन्शनला कदाचित धक्का लागला नसता. पण अनवधानानं लिहिलेल्या तारखेला पुरावा लागतो, आणि पुरावा चुलीत गेला होता. पुरावा म्हणून आता जाणून लिहिणारा मीच काय तो उरलो होतो. मी ‘जाणूनबुजून’ खाली रेघ मारली.

दुसरा कागद देवजीच्या पत्राचं उत्तर. त्याचा मसुदा केला नाही.

‘तुमचं पत्र १९ जुलै २०१७ रोजी मला मिळालं होतं.’

पहिलं वाक्य तेवढंच होतं. मग विठूच्या तारखेसाठी काय लिहून दिलं आहे ते लिहिलं. जागा मिळेलच असं नाही, हेही लिहिलं. वही घेऊन या असं तेव्हा म्हणायला हवं होतं, मी म्हणालो नाही, असं लिहिलं. क्षमा हा शब्द लिहिला नाही. तो लिहिला की समोरच्यावर काहीतरी द्यायची पाळी येते, आणि त्या घरानं बरंच दिलं होतं.

कागद घडी करून मी त्या जुन्याच लिफाफ्यात घातला. नवा घेता आला असता. हा मला संपवायचा होता.

*

शहापूरच्या पोस्टात सकाळी गर्दी नव्हती. खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिनं जिल्ह्याचं पाकीट वजन करून घेतलं, पावती दिली. शुक्रवारच्या आत पोचेल म्हणाली. मग दुसरा लिफाफा हातात घेऊन उलटसुलट बघितला. कडा पिवळ्या पडल्या होत्या.

“आजोबा, हे पण स्पीड पोस्टनं? साधं तिकीट लावलंय जुनं.”

“स्पीड पोस्टनंच. उशीर झालाय.”

तिनं नाव वाचलं. “श्री. देवजी मेंगाळ. घेणाऱ्याची सही लागते बरं का. हे असतील ना घरी?”

“नाहीत.”

“मग कधी असतात? पोस्टमनला दोनदा जायला लागलं की परत येतं.”

मी हात पुढं केला. तिनं लिफाफा परत दिला. खिडकीच्या फळीवर ठेवून मी ‘श्री.’ खोडलं, आणि त्याच्या आधीच्या रिकाम्या जागेत ‘जनाबाई’ लिहिलं. जागा कमी होती, अक्षर दाटीवाटीनं बसलं, शेवटचं अक्षर खोडलेल्या ‘श्री.’वर चढलं. देवजी मेंगाळ तसंच राहिलं. ते खोडावं लागलं नाही.

“खराब दिसतंय,” मी म्हणालो. “दुसरं पाकीट घेऊ का?”

“कशाला? खाडाखोड चालते, आजोबा,” ती म्हणाली. “वाचता येतंय.”

आणि तिनं शिक्का मारला.